राजारामपुरीतला मालमत्तेचा अभ्यासवर्ग: जरूर जा, वतनांचा विषय मात्र तुम्हीच काढा

मी कोल्हापुरात दिवाणी वकिली करते. वाटपाचे दावे, हक्कसोडपत्रं, बांधाची भांडणं हेच रोजचं काम. राजारामपुरीत खासगी मालमत्तेच्या तत्त्वज्ञानावर रविवारचा अभ्यासवर्ग आहे असं कळलं आणि मी लगेच नाव घातलं. फी ८०० रुपये. त्यात मराठी टिपणांची झेरॉक्स आणि चहा.

सगळ्यात रंगलं ते इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकचं सत्र. माणूस आपल्या देहाचा मालक, म्हणून त्याने ज्यात कष्ट घातले ते त्याचं. फक्त इतरांसाठी पुरेसं आणि तितकंच चांगलं उरलं पाहिजे. सतराव्या शतकातला हा विचार सरांनी ‘कसेल त्याची जमीन’ला नेऊन भिडवला. पण ते तिथं थांबले नाहीत. माझ्या नोकराने कापलेली हरळीसुद्धा माझीच, असं हाच लॉक म्हणतो, हे त्यांनी पुढे ठेवलं आणि वर्गात गलका झाला. शिरोळकडचे एक ऊसवाले काका उठले, “मग सर, तोडकऱ्यांच्या कष्टाचं काय करायचं?”

मला कूळ कायदा आठवला. १९४८ च्या त्या कायद्यात जातीने कसणं म्हणजे काय, हे मी सांगितलं: स्वतःचे कष्ट, घरच्यांचे कष्ट, आणि आपल्या देखरेखीखाली मजुरीवर लावलेल्या माणसांचेही कष्ट. म्हणजे भांगलणारी सून आणि पाणी पाजणारा गडी, दोघांचा घाम सातबाऱ्यावर तिसऱ्याच्या नावाने जमा. सरांनी टिपणं बाजूला ठेवली आणि उरलेला सगळा वेळ यावरच दिला. असा शिक्षक मिळणं मोठी गोष्ट आहे.

फ्रेंच विचारवंत प्रूधाँही नीट समजला. १८४० मध्ये मालमत्तेला चोरी म्हणणाऱ्या या माणसाला कसणाऱ्याचा ताबा मान्य होता. बसून खंड खाणाऱ्याची मालकी मान्य नव्हती. मार्क्स ठीक झाला. अमेरिकन तत्त्वज्ञ नोझिक मात्र घाईत उरकला, स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूम तर एका परिच्छेदात.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. कोल्हापुरात बसून मालमत्तेवर बोलायचं आणि वतनाचा, म्हणजे गावकीच्या सेवेच्या बदल्यात मिळणाऱ्या जमिनीचा, उल्लेखही नाही? शाहू महाराजांनी १९१८ साली महार वतन बंद करून त्या जमिनी रयतावा, म्हणजे सेवेच्या बंधनाशिवाय नावावरच्या, केल्या. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात वतनाविरुद्ध विधेयक आणलं. गावकीच्या राबणुकीला बांधलेली जमीन स्वतःच्या नावावर होणं ही इथे सुटका होती. खासगी मालकीवर टीका शिकवताना ही बाजू आलीच पाहिजे. ती नसेल तर युरोपातला वाद आपल्यावर जसाच्या तसा लादल्यासारखं होतं. मी हे सरांना सांगितलं. पुढच्या वेळी वेगळं सत्र घेऊ म्हणाले.

नव्या वकिलांनी हा वर्ग करावाच. आणि भावाने पुढे केलेल्या हक्कसोडपत्रावर सही करायच्या बेतात असलेल्या लेकी-बहिणींनी तर आधी इथे यावं. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हिस्सा दिला आहे. तो सोडण्याआधी तो आपला का आहे, हे एकदा शांतपणे ऐकून घ्यावं.

पुढची तुकडी दिवाळीनंतर. जिना अरुंद आहे, लिफ्ट नाही. गुडघ्याचा त्रास असेल तर आधी सांगून ठेवा, खालच्या खोलीत वर्ग घेतात.