खुराड्यातली गादी आणि थंडीतलं पाणी: अख्खा हिवाळा वापरल्यानंतर

परसातल्या कोंबड्यांसाठी थंडी सुरू व्हायच्या आधी मी दोन गोष्टी बसवल्या. खुराड्यात लाकडाच्या सालपटांची खोल गादी घातली आणि पाण्यासाठी झाकणाची बादली टांगली. बादलीला बाजूने निपल, म्हणजे चोचीने ढकललं की पाणी देणाऱ्या छोट्या तोट्या, लावलेले आहेत आणि आत पाणी गोठू न देणारा छोटा हीटर आहे. आता ऊन तापायला लागलंय, गादी उपसायची वेळ आली आहे, म्हणून दोन्हींबद्दल सविस्तर लिहिते. रात्री पारा शून्याखाली उतरतो अशा थंडीतला हा अनुभव आहे. पाणी गोठत नसेल त्यांनी हीटरचा भाग सोडून द्यावा. बाकीचं सगळं त्यांनाही लागू पडेल.

माझं मत आधीच सांगून टाकते. गादी किती टिकते हे सालपटांच्या प्रतीवर फारसं अवलंबून नसतं, ते पाणी कुठे ठेवलंय यावर ठरतं. लोक भुशाची चर्चा वेगळी करतात आणि भांड्याची वेगळी. खुराड्यात मात्र दोन्हींचा हिशेब एकच असतो: ओल किती आली आणि किती बाहेर गेली.

कोंबडीला कोरडी थंडी बरीच सोसते. तिच्या शरीराचं तापमान ४१ अंशांच्या आसपास असतं, पिसं फुगवून ती हवेचा थर धरून ठेवते आणि दांडीवर बसली की पोटाखाली पाय झाकून घेते. त्रास होतो तो ओलीचा. बंद खुराड्यात दमट हवा साठली की तुऱ्यावर आणि चोचीखालच्या लोंबत्या पाळ्यांवर ओलावा बसतो, आणि हिमदंश तिथेच होतो. ही ओल येते कुठून, तर कोंबड्यांच्याच अंगातून. एक कोंबडी दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पिते आणि शंभर ग्रॅमहून जास्त विष्ठा टाकते. ताज्या विष्ठेत तीन चतुर्थांश पाणी असतं. दहा कोंबड्या धरल्या तर रोज पाऊण लिटर पाणी नुसतं विष्ठेतून येतं, शिवाय रात्रभर श्वासातून बाहेर पडणारी वाफ वेगळी. त्यात पाण्याचं भांडं सांडलं की कुठलीही गादी हात टेकते.

आता गादीकडे वळते. मी रंध्याखाली निघतात ती जाड सालपटं वापरली. करवतीचा बारीक भुसा मुद्दाम टाळला, कारण त्याची धूळ फार उडते आणि पिल्लं तो दाणा समजून टिपतात. देवदाराच्या वासाची सालपटंही घेतली नाहीत, कारण तो उग्र वास बंद जागेत श्वासनलिकेला त्रास देतो. नुसतं काड म्हणाल तर ते दिसायला छान दिसतं, पण वरून कोरडं राहून आतून ओल धरतं, थर चिकटून बसतात आणि बुरशी लवकर येते. ही बुरशी साधी समजू नये. तिचे कण फुफ्फुसात गेले की कोंबडी तोंड उघडून श्वास घ्यायला लागते आणि मग उपाय फारसे उरत नाहीत. भाताचं तूस चांगलं कोरडं राहतं, फक्त ते ओल शोषण्यात सालपटांपेक्षा कमी पडतं.

सुरुवात चार इंचांनी केली आणि हिवाळाभर वर थोडं थोडं घालत आठ-नऊ इंचांपर्यंत नेली. या पद्धतीचं गमक हे की गादी उपसायची नाही, तिला खालून कुजू द्यायचं. लाकडात कर्ब भरपूर आणि नत्र नगण्य असतं, विष्ठेत त्याच्या अगदी उलट. दोन्ही मिसळले, हवा खेळती राहिली आणि ओल बेताची असली की जिवाणू त्या नत्रावर काम करतात आणि खालचा थर हळूहळू गडद, भुसभुशीत होत जातो. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या ओहायोच्या कृषी प्रयोग केंद्रात केनार्ड आणि चेंबरलिन यांनी अशा साठत गेलेल्या गादीवर कोंबड्या वाढवून पाहिल्या होत्या. जुन्या गादीवरची पिल्लं वारंवार बदललेल्या ताज्या गादीवरच्या पिल्लांपेक्षा मागे पडली नाहीत, उलट तगली. गादीतल्या जिवाणूंकडून ब१२ जीवनसत्त्व तयार होतं हे पुढे कळलं. आजच्या संतुलित खाद्यात ते असतंच, त्यामुळे आपल्याला त्या कारणासाठी गादी ठेवायची गरज नाही, पण जिवंत गादी म्हणजे घाण नव्हे एवढं त्यावरून समजतं.

गादीची तपासणी मी हातानेच करते. दांडीखालून मूठभर गादी घ्यायची, घट्ट दाबायची आणि मूठ उघडायची. गोळा क्षणभर टिकून आपोआप भुगा झाला, तर ओल बरोबर आहे. गोळा तसाच राहिला, तळव्याला ओलसर लागलं, तर जास्त झाली. मूठ उघडताच सगळं सुटं पडून हातावर नुसती धूळ उरली, तर गादी फार कोरडी झाली, मग कुजण्याचं काम थांबतं आणि कोंबड्या उकरतात तेव्हा धुरळा उडतो. व्यावसायिक शेडमध्ये ओलीचं प्रमाण २० ते ३० टक्क्यांच्या दरम्यान ठेवायला सांगतात. क्षणभर टिकून मोडणारा गोळा साधारण त्याच टप्प्यातला असतो.

वासाबद्दल जरा थांबून लिहायला हवं, कारण इथेच सगळ्यात जास्त चुकीचे सल्ले मिळतात. विष्ठेतल्या यूरिक आम्लाचं जिवाणू अमोनियात रूपांतर करतात. ओल वाढली आणि गादी अल्कधर्मी झाली की हे काम जोरात होतं. हवेत दहा लाख भागांत २५ भाग अमोनिया झाला तरी कोंबडीच्या श्वासनलिकेतल्या बारीक लवांना इजा व्हायला लागते, आणि मग साध्या सर्दीलाही ती बळी पडते. अडचण अशी की आपलं नाक काही मिनिटांत सरावतं. म्हणून मी सकाळी दार उघडल्या उघडल्या, तेही कोंबडीच्या डोक्याच्या उंचीला वाकून वास घेते. उभ्याने घेतलेल्या वासावरून खालच्या हवेचा अंदाज येत नाही. डोळे किंचित जरी चुरचुरले तरी त्याच दिवशी काहीतरी करायचं.

त्यावर चुना टाकावा असं सर्रास सांगतात. चुन्याने गादी कोरडी होते हे खरं, पण चुना अल्कधर्मी असल्यामुळे गादीत धरून ठेवलेला अमोनिया तो उलट बाहेर काढतो. रिकाम्या खुराड्यात, कोंबड्या आत यायच्या खूप आधी चुना मारणं वेगळं आणि कोंबड्या आत असताना टाकणं वेगळं. मोठ्या शेडमध्ये अमोनिया रोखायला ॲल्युमिनियम सल्फेटसारखे आम्लधर्मी पदार्थ वापरतात ते याच कारणासाठी. परसात मला त्याची गरज पडली नाही. ओलं ढेकूळ दिसलं की फावड्याने उचलून बाहेर टाकायचं, तिथे कोरडी सालपटं घालायची आणि बाकीची गादी दाताळ्याने उलटीपालटी करायची. अर्धं काम तर कोंबड्याच करतात. सकाळी मूठभर दाणे गादीवर विखरून टाकले की त्या तासभर उकरत बसतात आणि गादी आपोआप हलते.

दांडीखाली मात्र त्यांचं उकरणं पुरत नाही. निम्म्याच्या आसपास विष्ठा रात्रीची असते आणि ती एकाच रेषेत पडते. तिथे मी दांडीच्या खाली फळी बसवली आणि त्यावर पातळ सालपटं पसरली. रोज सकाळी पत्र्याच्या खरवडणीने ती फळी साफ होते, दोन मिनिटांचं काम आहे. या एका फळीमुळे गादीवर पडणारा नत्राचा आणि पाण्याचा बोजा इतका कमी झाला, की पुन्हा सुरुवात करायची झाली तर मी फळी आधी बसवेन आणि गादी नंतर घालेन.

हवेच्या वाटा मी थंडीतही बंद केल्या नाहीत. छपराच्या लगत, दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या बऱ्याच वर, दोन्ही बाजूंना जाळीच्या फटी आहेत. गरम दमट हवा वर जाऊन तिथून निघते आणि कोंबड्यांच्या अंगावर झोत येत नाही. सकाळी काचेवर किंवा छपराच्या आतल्या बाजूला थेंब दिसले, तर फटी कमी पडताहेत असं समजावं, बाहेर कितीही गारठा असो.

आता पाणी. गादी अजून पातळ होती तेव्हा नेहमीचं उलट्या डब्याचं, खाली ताटली असलेलं भांडं आणि टांगलेली निपलची बादली, दोन्ही खुराड्यात शेजारी ठेवून पाहिली. फरक काही दिवसांतच दिसला. ताटलीचं भांडं उचललं की खाली गोल, काळपट, चिकट थर असायचा. फावड्याचं टोक घातलं की तो सलग भाकरीसारखा सुटून यायचा आणि खालून अमोनियाचा भपका यायचा. कोंबड्या चोच बुडवून मान वर करून पितात, त्यात थेंब उडतात, शिवाय उकरलेली सालपटं ताटलीत पडून वातीसारखं पाणी बाहेर ओढतात. बादलीखाली मात्र हाताला जेमतेम दमट लागेल एवढीच ओल होती. गादीला लागणारी सालपटं तिथपासून निम्म्यावर आली असावीत.

निपल दोन प्रकारचे मिळतात. उभे निपल बादलीच्या बुडाला लावतात. त्यांच्या टोकाला थेंब लोंबत राहतो आणि थंडीत पहिला तोच गोठतो. आडवे निपल बाजूला, बुडापासून थोडं वर लावतात. कोंबडी चोचीने आतली धातूची कडी ढकलते आणि पाणी थेट चोचीत येतं. त्यांची झडप बादलीतल्या पाण्याला लागून असते, त्यामुळे आतलं पाणी कोमट राहिलं की निपलही मोकळे राहतात. थंडीसाठी मी आडवेच घ्या असं ठामपणे सांगेन. कडाक्याच्या रात्रीनंतर एखादा निपल अडकलेला असायचा. अंगठ्याने दाबून धरला किंवा कोमट पाण्याचं फडकं लावलं की सुटायचा. गळती तपासायला निपलखाली कोरडा कागद ठेवावा. झडपेत बारीक कचरा अडकला की निपल ठिबकत राहतो आणि गादी पुन्हा ओली व्हायला लागते.

कोंबड्यांना निपल शिकवायला थोडा धीर लागतो. दिवसा ताटली काढून घ्यायची, त्यांच्यादेखत कडी बोटाने टिचकावायची, एक शिकली की बाकीच्या तिचं बघून शिकतात. पण सगळ्या पिताहेत याची खात्री होईपर्यंत संध्याकाळी ताटली परत द्यावीच. पाण्याच्या बाबतीत प्रयोग करायला जागा नसते. कवच सोडलं तर अंड्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणी असतो, आणि पाणी तुटलं की कोंबडी आधी दाणा कमी खाते, मग अंडी कमी होतात, आणि ती परत रुळावर यायला पाणी तुटलं होतं त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

हीटर थर्मोस्टॅटचा आहे, पाणी गोठण्याच्या थोडं आधी चालू होतो आणि जरा वर गेलं की बंद. पाणी गरम करणं हे त्याचं कामच नाही, द्रव ठेवणं एवढंच आहे, आणि ते त्याने चोख केलं. बादलीला झाकण असल्यामुळे वाफ खुराड्यात येत नाही. उघड्या भांड्यात हीटर टाकला असता तर रात्रभर खुराड्यात बाष्प भरत राहिलं असतं. पाण्यात मिठाच्या पाण्याची बाटली तरंगत ठेवायचा उपाय बरेच जण सुचवतात. बाटलीतलं पाणी गोठत नाही हे बरोबर, पण बाहेरचं गोठायचं थांबत नाही, आणि बाटली फुटली तर खारं पाणी कोंबड्यांच्या पोटात. हे करू नका. वीज नसेल तर काळ्या रबराचं जाड घमेलं घ्या. उन्हात ते तापतं आणि बर्फ झाला तर उलटं करून आपटलं की अख्खी लादी निघते, घमेलं तडकत नाही. फक्त ते खुराड्याबाहेर ठेवा. कोंबड्या अंधारात पाणी पीत नाहीत, त्यामुळे रात्री आत पाणी नसलं तरी चालतं, मात्र उजाडताच मिळायला हवं.

पाण्यात व्हिनेगर घालणाऱ्यांनी भांडं प्लास्टिकचं आहे ना हे बघावं. जस्ताचा मुलामा असलेल्या भांड्यात आम्लाने जस्त विरघळतं आणि ते कोंबड्यांना बाधतं.

तक्रारीही आहेत. बादलीच्या आतलं बाहेरून दिसत नाही, त्यामुळे पाणी किती उरलंय ते रोज झाकण उघडून किंवा उचलून बघावं लागतं. आत शेवाळी पातळ थर धरतो. आठवड्याला ब्रशने घासावीच लागते आणि निपलच्या झडपा हिवाळ्यात एकदा तरी सोडवून साफ कराव्या लागतात. आणि वीज गेली की सगळंच थांबतं, म्हणून घमेलं हाताशी असू द्यावं. हीटरची वायर कोंबड्या टोचतात, ती पाइपातून न्यावी, जोड गादीच्या आणि पाण्याच्या दोन्हींच्या वर ठेवावा आणि गळती प्रवाहाला तुटणारा स्विच लावावा. उष्णतेचे दिवे तर मी खुराड्यात लावणारच नाही. सुकी सालपटं, धूळ आणि पिसं असलेल्या जागेत दिवा पडला तर आग लागायला काही सेकंद पुरतात, आणि धडधाकट कोंबडीला त्या दिव्याची गरजच नसते.

गादी आता उपसते आहे ती पूर्ण नाही. वरची कोरडी सालपटं बाजूला ढकलून खालचा काळा थर काढते आणि त्यातला तीन-चार इंचांचा भाग जागेवरच ठेवते, म्हणजे नव्या गादीत जिवाणू आयतेच येतात. कळपात रक्ती हगवण किंवा दुसरा आजार होऊन गेला असता तर मात्र सगळी काढून, जमीन घासून वाळवली असती. काढलेला थर लगेच झाडांना देत नाही, ताजा घातला तर मुळं करपतात. ढीग रचून, ओलसर ठेवून आत ५५ अंशांवर तीनेक दिवस तापू देते, मग उलटून पुन्हा तापवते, आणि पुढे काही महिने मुरत ठेवते. दांड्या या वेळी काढून त्यांच्या खाचा आणि टोकं मात्र नीट बघावीत. लाल गोचडी दिवसा कोंबडीच्या अंगावर नसतात, तिथे लपून बसतात, आणि ऊन वाढलं की त्यांची संख्या झपाट्याने वाढते.