नोंद नेमकी कोणासाठी? समाजकार्यातील एका केस-नोंद प्रणालीचे दोन वर्षांच्या वापरानंतरचे परीक्षण

आमच्या संस्थेने कुटुंब आणि बालसंरक्षणाच्या कामासाठी वार्षिक वर्गणीवर एक तयार केस-नोंद प्रणाली घेतली, तिला आता दोन वर्षे झाली. गृहभेटीची टिपणे, मुलाखतीचा वृत्तांत, इतर यंत्रणांकडे पाठवलेली पत्रे, पाठपुराव्याच्या तारखा, पर्यवेक्षकाचे शेरे हे सारे आता तिच्यातच साठवले जाते आणि कागदी फाइल जवळजवळ बंद झाली आहे. मी ही प्रणाली रोज वापरते. तिचे नाव येथे देत नाही, कारण अशी कोणतीही प्रणाली निवडताना संस्थेने काय तपासावे हे सांगणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. माझी कसोटी एकच आहे: लिहिलेली नोंद शेवटी कोणाच्या उपयोगी पडते, ज्याच्याविषयी लिहिले त्या माणसाच्या, लिहिणाऱ्या कार्यकर्त्याच्या, की वरून आकडे मागणाऱ्यांच्या?

आधी तिच्या चांगल्या बाजूविषयी. आमच्या क्षेत्रात कार्यकर्ते वारंवार बदलतात, आणि कार्यकर्ता बदलला की मुलाला आपली सारी कहाणी नव्या माणसापुढे पहिल्यापासून सांगावी लागते. ज्या मुलाने एकदा धीर करून मारहाणीविषयी सांगितले, त्याला तेच पुन्हा तीनदा सांगायला लावणे हा आमच्याच हातून होणारा अन्याय आहे. या प्रणालीमुळे तो बराच कमी झाला. मुलाच्या शब्दांत लिहिलेला मजकूर वेगळ्या रंगात दिसतो, तो नंतर कोणालाही बदलता येत नाही आणि नवा कार्यकर्ता पहिल्या भेटीआधीच तो वाचून जाऊ शकतो. इंटरनेट नसलेल्या जागीही टिपण उतरवून ठेवता येते व जोडणी मिळताच ते आपोआप वर चढते. जुनी पत्रे शोधण्यात जाणारे तास वाचले, त्याबद्दल मी खरोखर कृतज्ञ आहे.

खटकू लागते ते सक्तीच्या रकान्यांपासून. प्रत्येक गृहभेटीनंतर चौदा रकाने भरल्याशिवाय नोंद जतन होत नाही आणि अठ्ठेचाळीस तासांत ती पुरी केली नाही तर पर्यवेक्षकाच्या पडद्यावर लाल खूण उमटते. परिणाम असा झाला की घरात बसल्यावर माझे अर्धे लक्ष आईच्या बोलण्याकडे आणि अर्धे उरलेल्या रकान्यांकडे राहू लागले. हा अनुभव फक्त आमचा नाही. इंग्लंडमधील बालसंरक्षण व्यवस्थेची पाहणी करून समाजकार्याच्या अभ्यासक आयलीन मन्रो यांनी २०११ मध्ये अंतिम अहवाल दिला, तेव्हा त्यांनी नेमके हेच दुखणे मांडले होते: कार्यपद्धती आणि मुदती पाळण्यावर इतका भर दिला गेला होता की मुलाला खरोखर मदत झाली का, हा प्रश्न मागे पडत होता. मूल्यांकनाच्या ठरावीक मुदती शिथिल कराव्यात, ही त्यांची एक महत्त्वाची शिफारस होती. त्यानंतर इतक्या वर्षांनी विकल्या जाणाऱ्या प्रणालीत अठ्ठेचाळीस तासांची लाल खूण बदलण्याची सोय असू नये, ही गोष्ट मला अक्षम्य वाटते.

नोंद आणि मोजमाप यांची ही ओढ संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ अब्राहम फ्लेक्सनर यांनी १९१५ मध्ये तेथील एका राष्ट्रीय परिषदेत समाजकार्याला पूर्ण व्यवसाय म्हणता येईल का, असा प्रश्न उपस्थित केला आणि त्यांचे उत्तर नकारार्थी होते. दोनच वर्षांनी, १९१७ मध्ये, तेथीलच समाजकार्याच्या एक प्रवर्तक मेरी रिचमंड यांनी व्यक्ती व कुटुंबाविषयीची माहिती कशी गोळा करावी, तिची पारख कशी करावी याची सविस्तर पद्धत मांडली. आपल्या कामाला शास्त्राचा आधार आहे हे सिद्ध करण्याची निकड या क्षेत्राला तेव्हापासून आहे, आणि पुराव्यावर आधारित कामाचा आजचा आग्रह त्याच परंपरेतला आहे. त्या आग्रहाला माझा विरोध नाही. कोणता उपाय उपयोगी पडतो हे न तपासता लोकांच्या आयुष्यात हात घालणे हा उद्दामपणा ठरेल. मात्र रिचमंड यांच्या पद्धतीत माणसाच्या भोवतालाची, शेजाराची, कामाच्या जागेची चौकशी होती. आमच्या प्रणालीने तेवढे नेमके गाळले आहे.

या परीक्षणातला माझा सर्वांत गंभीर आक्षेप येथेच आहे. 'समस्येचे मूळ कारण' या सक्तीच्या रकान्यात निवडीसाठी यादी येते: व्यसन, मानसिक आजार, पालकत्वाच्या कौशल्यांचा अभाव, कौटुंबिक कलह, मुलाचे वर्तन, आणि शेवटी 'इतर'. भाडे वाढल्यामुळे घर सोडावे लागले, कामाच्या पाळ्या रोज बदलतात म्हणून मूल एकटे राहते, सर्वांत जवळचे उपचार केंद्र बंद पडले, यांतले एकही कारण त्या यादीत नाही. ते सारे 'इतर'मध्ये जाते आणि वर्षाच्या शेवटी अहवाल निघतो तेव्हा 'इतर' हा एक करडा तुकडा म्हणून आलेखात उरतो. मग अहवाल वाचणारे म्हणतात की पालकांसाठी प्रशिक्षण वर्ग वाढवा. आमच्याकडे हे प्रत्यक्ष घडले. एकाच वसाहतीतील अनेक कुटुंबे घर गमावण्याच्या बेतात होती, ते प्रत्येक कार्यकर्त्याला आपापल्या फाइलपुरते ठाऊक होते, पण प्रणालीने ती कुटुंबे एकमेकांशेजारी कधी ठेवलीच नाहीत. ही गोष्ट आमच्या ध्यानात आली ती चहाच्या सुट्टीत बोलताना.

व्यक्तीला मदत करायची की परिस्थिती बदलायची, हा समाजकार्यातला सर्वांत जुना वाद आहे. आंतरराष्ट्रीय संघटनांनी जुलै २०१४ मध्ये मेलबर्न येथे मान्य केलेल्या समाजकार्याच्या व्याख्येत सामाजिक बदल, मानवी हक्क, सामूहिक जबाबदारी आणि लोकांची मुक्ती हे शब्द आहेत. स्थानिक समूहांच्या स्वतःच्या ज्ञानालाही तीत स्थान आहे. ती व्याख्या आमच्या भिंतीवर लावलेली आहे आणि तिच्याखालच्या टेबलावर ही यादी रोज उघडते. एखादा निवडीचा रकाना इतके मोठे तात्त्विक वळण गुपचूप देऊ शकतो, हे मला वापरण्याआधी खरे वाटले नसते. व्यक्तिसहयोग कार्य (एकेका व्यक्ती वा कुटुंबाबरोबरचे काम), गटकार्य आणि समुदाय संघटन (वस्तीला एकत्र आणून करायचे काम) या तिन्ही पद्धती शिकून आलेला कार्यकर्ता येथे केवळ पहिलीच पद्धत चालवू शकतो, कारण बाकीच्या दोहोंसाठी प्रणालीत पानच नाही.

आता धोक्याच्या गुणांकाविषयी. सगळे रकाने भरले की प्रत्येक कुटुंबाला एक आकडा आणि हिरवा, पिवळा किंवा लाल रंग मिळतो. हा आकडा कसा काढला जातो हे विचारल्यावर कंपनीने व्यावसायिक गोपनीयतेचे कारण दिले. आमच्या एका कुटुंबाला सलग लाल रंग येत होता. फाइल उलगडून पाहिल्यावर दिसले की त्या घरातील आजीने गेल्या काही वर्षांत पाच वेळा स्वतःहून मदत मागितली होती, आणि यंत्रणेशी आलेला प्रत्येक संपर्क धोक्यात धरला गेला होता. ज्या गुणाला आम्ही कुटुंबाचे बळ म्हणतो, त्याचेच येथे दूषण झाले. अमेरिकेतील अ‍ॅलेघेनी काउंटीत २०१६ पासून बालसंरक्षणाच्या दूरध्वनी तक्रारींची छाननी करताना १ ते २० असा गुणांक वापरला जातो, त्याच्यावरही हाच आक्षेप घेतला गेला आहे: सार्वजनिक सेवांच्या नोंदींवर बेतलेला आकडा गरिबांना अधिक स्पष्ट पाहतो, कारण पैसेवाली कुटुंबे खासगी मदत घेतात आणि त्या नोंदींत येतच नाहीत. तरी तेथे निदान या साधनाची रचना जाहीर झाली आणि तिच्यावर उघड चर्चा होऊ शकली. ओरेगॉन राज्याने अशाच प्रकारचे साधन २०२२ मध्ये बंद केले.

या गुणांकाचे समर्थक म्हणतात की माणसाचा अंदाजही पूर्वग्रहाने भरलेला असतो, थकलेला कार्यकर्ता शुक्रवारी संध्याकाळी सोमवारपेक्षा वेगळा निर्णय घेतो, आणि दुर्लक्षित राहिलेल्या मुलाच्या मृत्यूनंतर आम्हाला कल्पना नव्हती असे म्हणणे पुरेसे नसते. हे सगळे खरे आहे आणि मी ते हलके लेखत नाही. पण आमच्या प्रणालीत रंग दार ठोठावण्याआधीच टॅबलेटवर दिसतो. लाल रंग पाहून आत गेलेला कार्यकर्ता त्या घरात धोकाच शोधतो. आकड्याच्या विरुद्ध निर्णय घ्यायचा तर लेखी कारण द्यावे लागते, आकड्याप्रमाणे वागायचे तर काहीच लिहावे लागत नाही. काळजी आणि नियंत्रण या दोन भूमिकांमधली ओढाताण आमच्या व्यवसायात कायमची आहे; ही रचना तिचा तराजू बिनबोभाट नियंत्रणाकडे झुकवते.

संमतीच्या रकान्याविषयी थोडक्यात सांगते. 'माहिती इतर यंत्रणांना देण्यास संमती आहे' या चौकटीत खूण केल्याशिवाय पुढचे पान उघडत नाही. नकार नोंदवण्याची सोयच नसेल तर तिला संमती म्हणता येत नाही. वेगवेगळ्या विभागांची माहिती एकत्र जोडण्याचे परिणाम काय होऊ शकतात हे नेदरलँड्समध्ये दिसले आहे. फसवणुकीचा धोका असलेले नागरिक शोधण्यासाठी तेथील सरकार वापरत असलेली प्रणाली खासगी जीवनाच्या हक्काशी विसंगत असल्याचा निर्णय द हेग येथील न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये दिला. विक्रीपूर्व सादरीकरणात आम्हाला मात्र ही जोडणी सर्वांत मोठे वैशिष्ट्य म्हणून दाखवली होती.

इतके दोष असूनही ही प्रणाली मी पूर्णपणे नाकारत नाही, त्याचे कारण तिच्यातील एक भाग आहे आणि तो आमच्यापैकी बहुतेकांनी पहिले वर्षभर उघडूनही पाहिला नव्हता. सेवार्थीला, म्हणजे ज्याच्यासाठी आम्ही काम करतो त्याला, स्वतःविषयीच्या नोंदी वाचता येतील आणि त्यांच्या शेजारी आपले म्हणणे लिहिता येईल, असे एक दालन त्यात आहे. (प्रणालीत त्याचे नाव 'लाभार्थी दालन' असे आहे, उपकार घेणाऱ्यासाठीचा हा शब्द कंपनीने बदलावा.) मी एका आईला हे दालन उघडून दिले. तिच्या फाइलमध्ये माझ्या आधीच्या कार्यकर्त्याने 'असहकार्य करणारी' असा शेरा मारलेला होता, कारण तीन गृहभेटींच्या वेळी घराला कुलूप होते. तिने तो शब्द दोनदा वाचला आणि म्हणाली, "ताई, मी त्यांना संध्याकाळची वेळ मागितली होती. दुपारी मी कामावर असते." तिने तेवढेच त्या नोंदीशेजारी लिहिले. मूळ शेरा पुसला गेला नाही, तसा तो पुसला जाऊही नये, पण यापुढे जो कोणी तो वाचेल त्याला तिचे वाक्यही वाचावेच लागेल. त्या दिवसापासून मी स्वतः प्रत्येक वाक्य ती समोर बसून वाचते आहे असे समजून लिहू लागले. 'बेफिकीर', 'आक्रमक', 'हट्टी' अशी विशेषणे माझ्या टिपणांतून गेली आणि त्यांच्या जागी पाहिलेले प्रसंग आले.

या दालनाच्या मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. ज्या घरात हिंसा आहे तेथे पत्नीचा फोन नवऱ्याच्या हातात असू शकतो आणि तिने सांगितलेली गोष्ट त्याच्या वाचनात येणे जिवावर बेतू शकते. मुलाने विश्वासाने सांगितलेले पालकांना केव्हा व किती दिसावे, याचा निर्णय दर वेळी माणसानेच घ्यावा लागतो. ज्याला वाचता येत नाही त्याला शेजारी बसून वाचून दाखवावे लागते, आणि त्या वेळासाठी कामाच्या हिशेबात कोठेही जागा नाही. नोंदींचा कोणता भाग झाकायचा याची सोय प्रणालीत आहे, पण ती मूळ मांडणीत बंद असते आणि प्रत्येक फाइलमध्ये हाताने चालू करावी लागते. हा क्रम उलटा असायला हवा होता.

पर्यवेक्षकाच्या फलकाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. त्यावर उघड्या केसेस, प्रलंबित नोंदी आणि बंद केसेसचे सरासरी दिवस दिसतात. पूर्वी पर्यवेक्षणाच्या तासात मला विचारले जाई की त्या घरातून निघताना मनात काय होते. आता त्या तासाचा पहिला भाग लाल खुणा सोडवण्यात जातो. एका कार्यकर्त्याकडे पेलण्याजोगी किती कुटुंबे असावीत, हा प्रश्न फलक विचारत नाही. दुसऱ्यांची दुःखे रोज ऐकून येणारा थकवा मोजणारा रकाना मी मागत नाही. त्याविषयी बोलायला तो तास मोकळा राहिला तरी पुरे.

वर्गणीच्या नूतनीकरणाची वेळ आली तेव्हा आम्ही कार्यकर्त्यांनी मिळून लेखी मागण्या ठेवल्या. गुणांक बंद करावा अथवा त्याची रीत उघड करावी, संमतीला नकाराचा पर्याय द्यावा, मूळ कारणांची यादी संस्थेला स्वतः बदलता यावी आणि तीत घर, रोजगार, वाहतूक व सेवांची अनुपलब्धता यांना स्थान असावे. कंपनीने संमतीचा पर्याय आणि बदलती यादी मान्य केली. गुणांकाची रीत सांगण्यास नकार दिला, मात्र तो भेटीपूर्वी लपवण्याची कळ दिली. एवढ्यावर आम्ही आणखी एका वर्षासाठी ही प्रणाली ठेवली आहे. ज्या संस्थेला एकाच कुटुंबाबरोबर दीर्घकाळ काम करायचे आहे आणि सेवार्थींना नोंदी वाचून दाखवायला वेळ देण्याची जिची तयारी आहे, तिने ती जरूर पाहावी. समुदाय संघटन हे ज्यांचे मुख्य काम आहे त्यांनी घेऊ नये. नव्या यादीतून निघालेल्या पहिल्याच तिमाही अहवालात 'घर गमावण्याचा धोका' हे कारण सर्वांत वर होते, आणि त्या वसाहतीतील कुटुंबांची एकत्र बैठक पुढच्या आठवड्यात ठरली आहे.