जुन्या फर्ग्युसन टीई-२० च्या पीटीओवर ओव्हररनिंग क्लच: काही महिने वापरल्यानंतर

निकाल आधीच सांगून टाकतो. जुन्या टीई-२० ट्रॅक्टरच्या पीटीओवर (मागच्या अवजाराला इंजिनची ताकद देणारा फिरता शाफ्ट) ओव्हररनिंग क्लच, म्हणजे ताकद एकाच दिशेने जाऊ देणारा जोड, बसवला ते उत्तम झालं, आता तो काढणार नाही. पण तो बसवला की पीटीओची सगळी दुखणी जातात, असं जे सर्रास सांगितलं जातं ते खरं नाही. माझ्याकडच्या बऱ्याचशा तक्रारींचं मूळ क्लच पेडलच्या सेटिंगमध्ये आणि शाफ्टच्या लांबीत निघालं. त्या दोन्ही गोष्टी फुकटात सुधारता येतात, आणि त्या न सुधारता हा भाग लावला तर तोही लवकर मरतो.

ज्यांच्याकडे हा ट्रॅक्टर नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टीई-२० हा १९४६ ते १९५६ या काळात कोव्हेंट्रीत बनला, पाच लाखांवर नग निघाले. इंजिन वीस-पंचवीस हॉर्सपॉवरचं, क्लच एकच. पीटीओ गिअरबॉक्समधून निघतो, म्हणजे त्याला इंजिनची ताकद क्लचमधूनच मिळते. हायड्रॉलिक पंपही त्याच पीटीओच्या लाइनवर चालतो. त्यामुळे पेडल दाबलं की चाकं, पीटीओ आणि लिफ्ट (अवजार उचलणारे मागचे हायड्रॉलिक हात) या तिन्हींना मिळणारी इंजिनची ताकद एकदम थांबते. पेडल न दाबता पीटीओचा लिव्हर बाहेर काढला तरी लिफ्ट बंदच. नांगर उचलायचा असला तरी लिव्हर आत लागतो. नवीन माणूस इथेच फसतो: 'लिफ्ट गेली' म्हणून कव्हर उघडायला घेतो आणि लिव्हर न्यूट्रलला असतो.

मागे रोटरी मोव्हर (फिरत्या पात्याने गवत कापणारं अवजार) लावला की या रचनेचा खरा त्रास कळतो. जड पातं एकदा फिरायला लागलं की त्यात चांगलाच जोर साठतो. तुम्ही पेडल दाबता, इंजिन वेगळं होतं, पण मोव्हर आणि मागची चाकं गिअरबॉक्समधून एकमेकांना जोडलेलीच राहतात. मग पातं ट्रॅक्टरला पुढे ढकलतं. ब्रेक दाबला तरी ट्रॅक्टर हट्टाने पुढे सरकतो आणि पात्याचा जोर संपल्यावरच थांबतो. गिअर न्यूट्रलला घ्यावा म्हटलं तर दातांवर जोर असल्यामुळे तो सुटत नाही. कुंपणाजवळ, बांधाजवळ किंवा समोर माणूस असताना हे किती धोक्याचं आहे ते वेगळं सांगायला नको. फोर्डच्या ९एन, २एन आणि ८एन या ट्रॅक्टरांवरही हीच गत आहे. स्वतंत्र पीटीओ, म्हणजे ट्रॅक्टर थांबवला तरी चालू राहणारा, बाजारात आणला तो कॉकशट ३० ने, १९४६ च्या सुमारास. ब्रिटनमधल्या फर्ग्युसनच्या घरात दोन टप्प्यांचा क्लच (अर्धा दाबला की फक्त चाकं, पूर्ण दाबला की पीटीओही सुटतो) आला तो १९५६ च्या एफई-३५ बरोबर. टीई-२० वाल्यांना ओव्हररनिंग क्लच हाच मार्ग.

हा भाग करतो एवढंच: ट्रॅक्टरकडून मोव्हरकडे ताकद जाऊ देतो, उलटी येऊ देत नाही. मोव्हर शाफ्टपेक्षा जोरात फिरायला लागला की तो मोकळा सुटतो. बस.

आता बसवण्याआधीचं काम, कारण खरा वेळ तिथेच गेला.

पीटीओचा लिव्हर आत टाकताना खरखर व्हायची. सगळ्यांचं मत एकच, पीटीओ जोडणारी आतली दातेरी कपलिंग झिजली, ट्रॅक्टर मधोमध सोडवून दोन भाग करावे लागतील. मी आधी पेडल बघितलं. पेडल हाताने हलकं दाबलं तर सुरुवातीला ते साधारण पाऊण इंच सैल जायला हवं, त्यानंतर आतलं बेअरिंग क्लचच्या बोटांसारख्या दांड्यांना टेकून पेडल जड लागतं. माझ्या पेडलला जवळजवळ त्याच्या दुप्पट सैल चाल होती. म्हणजे तळापर्यंत दाबलं तरी क्लच पूर्ण सुटत नव्हता, प्लेट घासत राहायची आणि गिअरबॉक्समधला शाफ्ट फिरतच राहायचा. जोडणी सेट करून सैल चाल पाऊण इंचावर आणली. आता पेडल दाबून दोन-तीन सेकंद थांबायचं, आतलं फिरणं शांत झालं की लिव्हर ढकलायचा. खरखर गेली. या गिअरबॉक्सला सिंक्रो (गिअर जुळण्याआधी वेग सारखा करणारी सोय) वगैरे काही नाही, त्यामुळे ते दोन-तीन सेकंद द्यावेच लागतात. घाईच्या माणसाने हा ट्रॅक्टर घेऊच नये.

सैल चाल बरोबर असूनही पेडल दाबल्यावर पीटीओचा शाफ्ट फिरतच राहत असेल तर गोष्ट वेगळी. प्लेट स्प्लाइनवर (शाफ्टवरच्या लांबट दात्यांवर) अडकली असेल, फ्लायव्हीलमधलं पायलट बेअरिंग सुकलं असेल किंवा प्लेटला तेल लागलं असेल. तिथे मात्र ट्रॅक्टर मधून सोडवण्यावाचून गत्यंतर नाही.

मग शाफ्ट. टीई-२० चा मूळ शाफ्ट १-१/८ इंचाचा, म्हणजे २८.६ मिलिमीटर, सहा स्प्लाइनचा. आजच्या ५४० आरपीएमच्या अवजारांचा जोड १-३/८ इंच, म्हणजे ३४.९ मिलिमीटर, स्प्लाइन सहाच. त्यामुळे पुढून १-१/८ ची मादी आणि मागून १-३/८ चा नर असा ओव्हररनिंग क्लच घ्यावा लागतो. नुसता जाडी वाढवणारा अडॅप्टरही मिळतो आणि तो दिसायला तसाच असतो. तो घेऊन काही उपयोग नाही, त्यात मोकळं सुटण्याची सोय नसते. मागवताना हे दोनदा वाचा.

माझा क्लच शाफ्टवर अर्ध्यावर जाऊन अडकला. हातोडी उचलण्याआधी शाफ्ट रॉकेलने पुसून स्वच्छ केला आणि स्टीलची पट्टी एका स्प्लाइनच्या कडेला लावून बघितली. मुळाशी पट्टी कडेला चिकटलेली, टोकाशी मात्र केसाएवढी फट. म्हणजे पूर्वी कधीतरी जास्त लोड येऊन शाफ्टला किंचित पीळ बसलेला. शिवाय टोकाकडच्या कडांवर बुरी (धातूची वर आलेली खरबरीत धार) आलेली. बुरी बारीक कानशीने काढली, आतबाहेर ग्रीस लावलं आणि क्लच हाताच्या दाबाने शेवटपर्यंत गेला. पीळ याहून जास्त, डोळ्यांना सरळ दिसण्याइतका असेल तर कानस मारत बसू नका. तो शाफ्ट कमजोर झालेला आहे, बदलाच.

क्लच जागेवर ठेवायला आरपार पिन लागते. माझ्या पहिल्या नगाचं भोक शाफ्टच्या भोकाशी नीट जुळतच नव्हतं. विकणाऱ्याला फोटो पाठवले तर 'थोडं रीमर मारा' (म्हणजे भोक घासून मोठं करा) असं उत्तर आलं. नाव घेत नाही. पिनच्या जागी काही लोक लांब बोल्ट घालून नट आवळतात. ते अजिबात करू नका. ५४० आरपीएम म्हणजे सेकंदाला नऊ फेरे. बाहेर आलेलं बोल्टचं डोकं सदऱ्याची बाही किंवा उपरणं पकडायला पुरेसं आहे. पोकळ स्प्रिंग पिन ठोकायची, दोन्ही बाजूंनी पृष्ठभागाच्या आत राहील एवढीच.

पीटीओपासून मोव्हरपर्यंत जाणाऱ्या शाफ्टच्या लांबीकडे कुणीच लक्ष देत नाही. हा क्लच लावला की पीटीओचं टोक चांगलं दहा-अकरा सेंटीमीटर मागे सरकतं. तो जुना टेलिस्कोपिक (एकात एक सरकणाऱ्या पाइपांचा) शाफ्ट तसाच लावला तर लिफ्ट वर-खाली होताना एका जागी तो तळाला टेकतो. मग सगळा दाब ट्रॅक्टरच्या मागच्या बेअरिंगवर आणि मोव्हरच्या गिअरबॉक्सवर जातो. बेअरिंग सारखं जातंय, सील टिकत नाही, या तक्रारींमागे बहुतेक वेळा हेच असतं. इंजिन बंद ठेवून मोव्हर सगळ्या उंचींवर नेऊन बघा. सगळ्यात जवळच्या स्थितीत दोन-तीन सेंटीमीटर जागा उरली पाहिजे आणि सगळ्यात लांबच्या स्थितीत आतला पाइप बाहेरच्यात किमान एक तृतीयांश तरी राहिला पाहिजे. कापायचं तर आतला, बाहेरचा आणि प्लास्टिकची दोन्ही कव्हरं सारख्याच मापाने कापा. कडा घासा, ग्रीस लावा.

पुन्हा जोडताना दोन्ही टोकांचे आतले योक (क्रॉस, म्हणजे वळता सांधा, धरणारे दुबेळके) एका रेषेत आले पाहिजेत. ते नव्वद अंशांनी फिरवून बसवले तर शाफ्ट प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग कमी-जास्त करतो आणि सीटपर्यंत थरथर येते. क्रॉस नवीन असूनही थरथर येत असेल तर आधी हे बघा.

वापरताना काय जाणवतं? पेडल दाबलं की मागून टिकटिक आवाज येतो, आतले कुत्रे (एकाच दिशेने अडवणारे खटके) स्प्रिंगवर सरकत असतात. ट्रॅक्टर लगेच थांबतो, ब्रेक लागतो, गिअर सुटतो. पहिल्यांदा हे अनुभवलं तेव्हा वाटलं, इतके दिवस उगाच घाबरत चालवत होतो. मात्र पातं आता पूर्वीपेक्षा जास्त वेळ फिरतं, कारण त्याला थांबवणारं काही उरलं नाही. ट्रॅक्टर थांबला म्हणजे मोव्हर थांबला असं समजून खाली उतरणं धोक्याचं. टिकटिक बंद झाली आणि शाफ्ट डोळ्यांना स्थिर दिसला की मगच उतरा.

आणि हा काही स्वतंत्र पीटीओ नव्हे. दाट गवतात वेग कमी करायला पेडल दाबलं की नेमकी तेव्हाच पात्याची ताकद जाते. त्यामुळे पहिल्या गिअरमध्ये सुरुवातीपासूनच कमी वेगाने घुसायचं, इंजिनला श्वास घेऊ द्यायचा. मोव्हर उचलतानाही पातं फिरतच असणार, कारण लिव्हर बाहेर काढला तर लिफ्टच चालत नाही. म्हणून वळणावर गरजेपुरताच उचला. पूर्ण वर नेला की क्रॉसचा कोन वाढतो आणि खडखड सुरू होते. मी लिफ्टच्या लिव्हरच्या पट्टीवर रंगाची खूण करून ठेवली आहे, त्यापुढे न्यायचा नाही.

पहिल्या नगाला ग्रीसचं निप्पल नव्हतं. 'मेंटेनन्स लागत नाही' असं खोक्यावर छापलेलं. ओल्या दिवसांत ट्रॅक्टर उभा राहिला आणि आतले कुत्रे गंजून चिकटले. यातला धोका असा की, चिकटलेला क्लच काम करताना अगदी व्यवस्थित चालतो, मोव्हर फिरतो, गवत कापलं जातं. तो मेला आहे हे कळतं ते पेडल दाबल्यावर, ट्रॅक्टर थांबत नाही तेव्हा. म्हणून रोज काम सुरू करण्याआधी एक तपासणी: इंजिन बंद, लिव्हर आत, पेडल मोकळं. मागे उभं राहून क्लचचा बाहेरचा भाग हाताने घड्याळाच्या दिशेने फिरवा, तो टिकटिक करत मोकळा फिरला पाहिजे. उलट दिशेने फिरवला तर लगेच अडला पाहिजे. दोन्हीकडे अडत असेल तर मोव्हर जोडू नका. दोन्हीकडे मोकळा फिरत असेल तर आतले कुत्रे किंवा स्प्रिंगा गेल्या. दुसरा नग निप्पलवाला घेतला. दर काही तासांच्या कामानंतर ग्रीस गनचे एक-दोन झटके देतो, आजवर अडचण नाही. जाड ग्रीस ठासून भरलं तर थंडीत कुत्रे आळसावतात, म्हणून बेताने.

आरपीएमबद्दलही थोडं. टीई-२० मध्ये इंजिन १५०० वर असताना पीटीओ साधारण ५४५ देतो. बहुतेकांच्या ट्रॅक्टरला आरपीएम दाखवणारा काटाच नसतो आणि कानाच्या अंदाजाने थ्रॉटल ओढला जातो. मी शाफ्टच्या कव्हरला लागून असलेल्या उघड्या भागावर चकाकणाऱ्या टेपचा तुकडा इंजिन बंद असताना चिकटवला आणि लाइटवाल्या टॅकोमीटरने बाजूला लांब उभं राहून मोजलं. कानाने जे बरोबर वाटायचं ते ६०० च्या वर निघालं. थ्रॉटलच्या चापावर १५०० ची खूण केली. लोड आल्यावर आरपीएम खाली जाऊन परत सावरत नसेल तर गव्हर्नरच्या (इंजिनचा वेग सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या) दांडीच्या सांध्यांतला खेळ बघा, कार्ब्युरेटरला दोष देण्याआधी.

लिव्हर कामात आपोआप बाहेर येत असेल तर आधी तो पूर्ण आत जातो का ते बघा. फूटबोर्डाला किंवा वाकलेल्या पट्टीला अडून तो अर्धाच बसलेला असू शकतो. पूर्ण बसूनही सुटत असेल तर कपलिंगच्या दातांच्या कडा गोल झाल्या आहेत, तिथे ऍडजस्टमेंट काही नाही.

मागच्या सीलमधून माझ्याकडे अजून थोडं तेल झिरपतं. गिअरबॉक्स, हायड्रॉलिक आणि मागचा ऍक्सल यांचं तेल एकच, त्यामुळे हे गळणं दुर्लक्षित केलं तर लिफ्टवर परिणाम होतो. शाफ्टवर जुन्या सीलने चर पाडली आहे. नवीन सील त्याच चरीवर बसवलं की तेही गळतं. सील दोन-तीन मिलिमीटर आत-बाहेर बसवून ओठ कोऱ्या जागेवर आणता येतो, नाहीतर शाफ्टवर पातळ स्लीव्ह चढवावी लागते. मी आधी सील सरकवून बघणार आहे. तोवर डिपस्टिक दर वेळी बघतो.

पाच फुटांचा मोव्हर या इंजिनाला जेमतेम झेपतो. नवीन घेणाऱ्याने चार फुटांचा घ्यावा, ओव्हररनिंग क्लच निप्पलवालाच मागावा, आणि शाफ्टच्या शिअर बोल्टच्या जागी कडक ग्रेडचा बोल्ट कधी घालू नये. तो तुटण्यासाठीच आहे, तो तुटला नाही तर दुसरं काहीतरी महागाचं तुटतं.