अंगठा सोडवायचं कडू औषध आणि थंब गार्ड, सात महिने वापरून लिहितोय

औषधाला ५ पैकी साडेतीन देतो, अंगठ्यावर चढवायच्या थंब गार्डला दीड. असं का ते सविस्तर लिहितो, कारण घ्यायच्या आधी मी जेवढे रिव्ह्यू वाचले त्यात सगळीकडं 'मस्त आहे, दोन दिवसात सुटलं' नाहीतर 'पैसे वाया' एवढंच होतं. आपल्याकडं लेकरू हातानं जेवतं ही साधी गोष्ट एकानंबी लिहिलेली नव्हती अन् त्यापायी आमच्या घरात पहिला आठवडा लई वाईट गेला.

मी औशाला कृषी सेवा केंद्र चालवतो. लेक जन्मल्यापासून उजवा अंगठा चोखायची. लेकरं पोटात असल्यापासूनच चोखतात, सोनोग्राफीत दिसतं, त्यामुळं आम्ही कधी मनावर घेतलं नाही, उलट आई म्हणायची अंगठा चोखणारं लेकरू गुणाचं, रडत नाही. पण चार वर्षं उलटून गेली तरी सुटंना. अंगठा कायम पांढरा, फुगलेला, मधल्या पेरावर घट्टा पडलेला, अन् एप्रिलमध्ये नखाच्या कडेला सूज येऊन पू झाला, दवाखान्यात न्यावं लागलं. दुसरी गोष्ट बायकोच्या ध्यानात आली. पोरगी भाकरीचा तुकडा पुढच्या दातानं तोडत नव्हती, बाजूला नेऊन दाढेनं तोडायची. तोंड उघडून बघितलं तर दाढा मिटल्यावर वरचे अन् खालचे पुढचे दात एकमेकाला टेकतच नव्हते, मधी फट, त्यातून जीभ दिसायची. अंगठ्याएवढीच फट. ते बघून मला रात्रभर झोप लागली नाही.

लातूरच्या डेंटल कॉलेजात लहान लेकरांच्या दातांचा वेगळा विभाग आहे तिथं दाखवलं. केस पेपर काढून बसलो, गर्दी होती, पण डॉक्टर मॅडमनी पंधरा-वीस मिनिटं दिली अन् आधी पोरीशी बोलल्या, मग आमच्याशी. त्यांनी सांगितलं ते मी दुकानाच्या डायरीत लिहून घेतलं होतं. बहुतेक लेकरं २ ते ४ वर्षांच्या दरम्यान आपोआप सोडतात. त्यानंतरही चालूच राहिलं तर दातावर परिणाम किती होणार हे अंगठा दिवसातून किती तास तोंडात आहे, किती जोरानं ओढतं अन् किती वर्षं चाललंय ह्यावर आहे. नुसता ठेवून झोपणारं लेकरू वेगळं अन् गाल आत जाऊन आवाज येईपर्यंत ओढणारं वेगळं. आमची दुसऱ्या प्रकारातली. पुढचे पक्के दात साधारण सहाव्या-सातव्या वर्षी येतात, त्याच्या आधी सवय सुटली तर अशी फट बऱ्याचदा आपोआप भरून येते म्हणाल्या. नाहीच सुटली तर वरच्या दाढांना बसवायची तारेची जाळी असते, ती टाळूपाशी राहते अन् अंगठा नीट बसू देत नाही, पण ते नंतरचं. आत्ता रागवायचं नाही, हातावर मारायचं नाही, चारचौघात 'ही बघा अजून अंगठा चोखायली' म्हणायचं नाही. पाहिजे तर कडू औषध लावा पण शिक्षा म्हणून नको, पोरीला विचारून लावा. हे शेवटचं वाक्य मी त्यादिवशी नुसतं लिहिलं, ऐकलं नाही.

घरगुती सगळं करून झालं होतं. कडुलिंबाचा पाला वाटून लावला, वाळला की पापुद्रे निघून जायचे, उरलेलं ती चाटून थुंकायची अन् परत चालू. कारल्याचा रस दोन मिनिटं टिकला. शेजारच्या काकूंनी मिरची लावा म्हणून सांगितलं, त्याला मी साफ नाही म्हणालो अन् तुम्हीही म्हणा. लेकरू झोपेत डोळे चोळतं, तो हात डोळ्याला गेला तर काय होईल ह्याचा विचार करा.

आता औषध. पहिली बाटली लातूरला गंजगोलाईत एका दुकानात घेतली, ९० रुपये, अन् घरी येऊन बघतो तर बाटलीवर आत काय घातलंय तेच नाही. बॅच नंबर नाही, बनवल्याची तारीख नाही, कंपनीचा पत्ता नाही, फक्त अंगठा तोंडात घातलेल्या बाळाचं चित्र अन् त्यावर फुली. माझा धंदाच लेबल वाचायचा आहे, शेतकऱ्याला फवारणीचं औषध देताना मी बॅच अन् एक्सपायरी दाखवून देतो, अन् लेकराच्या तोंडात जाणारी वस्तू अशी बिनलेबलची विकायली ह्याचा मला फार संताप आला. दुसऱ्या दिवशी परत केली. दुकानदारानं कुरकुर करून पैसे दिले. तुम्ही बाकी काही वाचू नका पण एवढं वाचा, लेबल नसलेली बाटली घेऊ नका.

दुसरी ऑनलाइन मागवली, २८० रुपये, नेलपॉलिशसारखी छोटी बाटली, आत ब्रश. लेबलवर डिनॅटोनियम बेन्झोएट लिहिलेलं होतं. हे नाव मला ओळखीचं, काही उंदराच्या औषधात हेच कडवटपणासाठी घालतात, लेकरानं चुकून तोंडात घातलं तर लगेच थुंकून टाकावं म्हणून, स्पिरिट पिऊ नये म्हणून त्यातही घालतात. म्हणजे विष हे नाही, विषापासून वाचवायला घातलेला कडूपणा आहे. १९५८ साली स्कॉटलंडमध्ये बधिर करायच्या औषधावर काम चालू असताना हे सापडलं, जगातला सगळ्यात कडू पदार्थ म्हणून ओळखतात, इतकं कडू की अगदी नावापुरतं घातलं तरी पुरतं. ३ वर्षांखालच्या लेकरांना लावू नका असंही लेबलवर होतं.

मी आधी स्वतःच्या अंगठ्याला लावून चाटलं. कडुलिंब काहीच नाही त्याच्यापुढं. पाण्यानं जात नाही, साखर खाल्ली तरी मागं घशात राहतं, चहा पिलो तर चहा कडू.

लावायला सोपं आहे, नखावर अन् नखाच्या बाजूच्या कातडीवर एक हात फिरवायचा, दोन-तीन मिनिटात सुकतं. रंग नाही, चमक थोडी. सुकेपर्यंत वास उग्र येतो, पंख्याखाली लावा, अन् ह्यात नेलपॉलिशसारखंच पेट घेणारं द्रव असतं म्हणून देवघरातल्या दिव्यापाशी नाहीतर गॅसपाशी बसून लावू नका. नखाच्या कडेला जखम असल तर अजिबात लावू नका, आम्ही पू पूर्ण बरा होईपर्यंत थांबलो होतो.

बाटलीवर लिहिलं होतं सकाळी अन् झोपताना लावा. सकाळी लावलं, अन् दुपारी पोरगी वरण-भात कालवायला बसली. उजवा हात, उजवा अंगठा. पहिला घास तोंडात गेला अन् तिनं जी किंकाळी फोडली ती अजून माझ्या कानात आहे. साबणानं दोनदा हात धुतला तरी दुसरा घासही कडूच. तिला वाटलं आईनं वरण कडू केलंय. रात्री जेवली नाही, दुसऱ्या दिवशी दूध-भाकरी नको, चमच्यानं भरवायला गेलो तर तोंड घट्ट मिटून बसली. दोन दिवस बिस्किटावर होती. चमच्यानं जेवणाऱ्या लेकरांचा विचार करून ही सूचना लिहिलीय असं मला वाटतं, आपल्याकडं घास अंगठ्यानंच तोंडात ढकलतात. म्हणून साडेतीनच मार्क. कंपनीनं भारतात विकताना एवढी एक ओळ छापायला पाहिजे होती की जेवायच्या हाताला लावणार असाल तर रात्रीचं जेवण झाल्यावरच लावा.

नंतर आम्ही तसंच केलं. रात्री जेवून, चूळ भरून, मगच लावायचं. सकाळी उठल्यावर कापसावर थोडं खोबरेल घेऊन पुसायचं अन् मग साबण, तरी नाष्ट्याच्या पहिल्या घासाला थोडं जाणवतं म्हणून सकाळचा नाष्टा आम्ही चमच्यानंच द्यायला लागलो, उपमा नाहीतर शिरा.

मग दिवसासाठी काय, म्हणून थंब गार्ड घेतला. सिलिकॉनची नळी अंगठ्यावर बसते, मनगटाला पट्टा. ३९९ रुपये. आम्ही तो मे महिन्यात घेतला ही आमची चूक, औशात ४१-४२ डिग्री ऊन, नळीला भोकं होती तरी आत घाम, तासाभरात अंगठा भिजवलेल्या शेंगदाण्यासारखा. तिसऱ्या दिवशी मनगटाला पट्ट्याखाली पुरळ आलं. पट्टा वेल्क्रोचा, त्यात गोधडीचे दोरे अडकून आठ दिवसात ढिला झाला, अन् पाचव्या दिवशी बघतो तर पोरीनं डावा अंगठा तोंडात घातलेला. डाव्याला कधी हात लावला नव्हता तिनं आयुष्यात! दुसरा गार्ड मी घेतला नाही. दोन्ही अंगठे बांधून लेकराला खेळायला सोडणं मला पटलं नाही, पडलं तर हात टेकवणार कसं. शाळेत घालून पाठवलं तर पोरांनी चिडवलं, ती रडत आली, त्यानंतर तो डब्यात गेला. थंडीत फक्त रात्री वापरायचा असल तर चालेल, बसवताना ओढून बघा, सैल असल तर देऊ नका, निघून तोंडात गेला तर धोका आहे.

खरा फरक कशानं पडला ते सांगायलाच पाहिजे, नाहीतर रिव्ह्यू अर्धा राहील. डॉक्टर मॅडमनी आठवडाभर नोंद ठेवा म्हणलं होतं, अंगठा तोंडात कधी जातो. आधी मी टाळलं, गार्ड डब्यात गेल्यावर केलं. मी अन् बायकोनं मिळून लिहिलं. टीव्ही बघताना, गाडीवर पुढं बसलेली असताना, झोपताना, अन् चौथं, तिचा लहान भाऊ आईच्या अंगावर पीत असताना. दर वेळी. बाळ पाजायला घेतलं की ही कोपऱ्यात जाऊन बसायची अन् अंगठा. भाऊ फेब्रुवारीत झाला, अन् आठवून बघितलं तर जोरात ओढायचं तेव्हापासूनच वाढलं होतं. आई पहिल्यापासून म्हणायली होती, 'तिला जवळ घेऊन बसा, कडू काय लावायलात लेकराला'. आईचं बरोबर होतं.

मग बाळ पाजायच्या वेळी मी नाहीतर आईनं पोरीला घेऊन बसायचं ठरवलं. आई तिला तुरीच्या शेंगा सोलायला द्यायची, शेंगा नसतील तेव्हा लसूण, दोन्ही हात गुंतलेले. बायको एका हातानं बाळ धरून दुसरा हात हिच्या पाठीवर ठेवायची. गाडीवर मी तिला हॉर्न दिला, हॉर्नवर अंगठा ठेवायचा तुझा, गरज पडली की वाजवायचा. टीव्हीपुढं पिठाचा गोळा. अन् रात्रीचं औषध तिला विचारून. 'आज लावायचं का?' नाही म्हणली तर नाही. पहिल्या आठवड्यात चार दिवस नाही म्हणली, मला अवघड गेलं, पण नाही लावलं. मग हळूहळू तीच बाटली घेऊन यायची. झोपेत अंगठा कधी गेला ते लेकराला कळत नाही, तोंड कडू झालं की आठवण होते, एवढंच ह्या बाटलीचं काम आहे अन् तेवढं ती चोख करते.

कॅलेंडरवर रोजची नोंद करायला स्टार आणले होते, ते तिला आवडले नाहीत. तिला दुकानातला 'पेड'चा शिक्का पाहिजे होता, बिलावर मारतो तो. मग शिक्का घरी आणला अन् शाईचं पॅड वेगळं घेतलं. रात्र बिनअंगठ्याची गेली की सकाळी त्या तारखेवर ती शिक्का मारायची, जोर लावून, शाई बोटांना. जुलैत सहा शिक्के. ऑगस्टमध्ये तेरा. दिवाळीच्या महिन्यात दोनच दिवस कोरे राहिले.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात गेलो तेव्हा दिवसभर भज्जी, आंबील, पोरांचा गोंधळ, अन् दुपारी ती कडब्याच्या कोपीशेजारी गोधडीवर झोपली, तोंड थोडं उघडं अन् दोन्ही मुठीत बोरं. औषध लावलेलं नव्हतं. बायकोनं मला खुणेनं बोलवून दाखवलं, आम्ही दोघं बराच वेळ तिथंच उभे राहिलो.

डॉक्टर मॅडमना परत दाखवलं, फट आधीपेक्षा कमी आहे म्हणाल्या, पक्के दात येईपर्यंत दर सहा महिन्याला यायला सांगितलंय. घट्टा गेला. भाकरी अजून बाजूनंच तोडते, पण पेरूला पुढचे दात लावायला लागलीय.

दीड बाटली लागली एकूण. तुमचं लेकरू तीन-साडेतीनचं असल तर घाई करू नका, जाऊ द्या थोडे दिवस. चारच्या पुढं असल अन् दातात फट दिसत असल तर आधी डॉक्टरला दाखवा, मग बाटली, अन् ती लेबल बघून. गार्डचे ३९९ रुपये वाचवा.

परवा तिला ताप होता. रात्री अंगठा तोंडात गेला, मी बघितलं, काढला नाही. सकाळी मी विसरून शिक्का हातात दिला तर तिनं तो परत माझ्या हातात ठेवला अन् म्हणाली, 'आज नको पप्पा, रात्री गेला होता.'