आठ महिने ‘आधी अंदाज, मग क्ष’: आठवी-दहावीच्या शाब्दिक उदाहरणांचा अनुभव

जूनमध्ये ठरवलं होतं, की यंदा शाब्दिक उदाहरणं ‘समजा, ती संख्या क्ष मानू’ या वाक्याने सुरू करायची नाहीत. आता फेब्रुवारी उजाडलाय, म्हणून लिहायला बसले. मी चाळीसगावात घरीच शिकवणी घेते. आठवीची सात मुलं, दहावीची पाच, सगळी मराठी माध्यमाची. खर्च म्हणाल तर चौकडीच्या वह्या आणि निळं-काळं पेन, बस.

पद्धत साधी आहे. ‘एका संख्येच्या तिपटीत ७ मिळवल्यास ५२ येतात, तर ती संख्या कोणती?’ मुलाने मनाला येईल ती संख्या धरायची. तो १० म्हणाला तर १०. उदाहरणात जे सांगितलंय ते त्या दहाचं करायचं: ३×१०+७, म्हणजे ३७. जमलं नाही. पुढची ओळ, १२ धरू: ३×१२+७, म्हणजे ४३. अजून नाही. तिसऱ्या ओळीत, जिथे १० आणि १२ बसले होते तिथे क्ष बसवायचा: ३×क्ष+७ = ५२. झालं समीकरण. सोडवणं मुलांना येतंच हो, घोडं अडतं ते मांडण्यापाशी.

हे वाचायला जेवढं सरळ वाटतं तेवढं पहिल्या तीन आठवड्यांत मुळीच झालं नाही. मुलं थेट ३७ लिहायची, मग ४३ लिहायची आणि क्षच्या ओळीला आली की माझ्या तोंडाकडे बघत बसायची. चूक माझी होती. ३७ मध्ये ना तीन दिसतात, ना दहा, ना सात. हिशोब करून टाकला की वाट पुसली जाते. तेव्हापासून दोन रकाने केले, ‘मांडणी’ आणि ‘किंमत’. मांडणीच्या रकान्यात गुणाकार-बेरीज तशीच ठेवायची, उत्तर शेजारी. हा एक नियम पाळला नाही तर बाकी सगळ्याचा काही उपयोग नाही, हे अगदी ठासून सांगते.

दुसरा नियम, खोडरबर बंद. चुकलेला अंदाज खोडला तर क्ष कुठे बसवायचा ते कळणार कसं? यावरून एक आई वही घेऊन आल्या होत्या. “मॅडम, पानभर चुकीचंच लिहिलंय, आणि तुम्ही बरोबरची खूण केलीय!” त्यांना समोर बसवून त्यांच्याकडूनच एक उदाहरण करून घेतलं. चहा होईपर्यंत त्यांनी समीकरण मांडलं होतं.

सगळ्यात जास्त फायदा झाला तो वाक्यांच्या गुंत्यात. ‘मोठी संख्या लहान संख्येच्या तिपटीपेक्षा ४ ने कमी आहे.’ दरवर्षी निम्मा वर्ग इथे ४ − ३क्ष लिहितो, कारण वाचताना ‘कमी’च्या आधी ४ येतात. आता लहान संख्या ५ धरली, तिप्पट १५, त्यापेक्षा ४ ने कमी? एकही मूल चारातून पंधरा वजा करायला जात नाही. ३×५−४ आपोआप उतरतं. तसंच क्रमागत विषम संख्यांचं. क्ष, क्ष+१, क्ष+३ असं लिहिणारे नेहमी भेटतात, कारण ‘विषम’ म्हटलं की त्यांना १ आणि ३ च आठवतात. पहिली संख्या ७ धरायला सांगा. ७ नंतर ८ लिहिताना हात थांबतो. ७, ७+२, ७+४.

दहावीला खरी कसोटी दोन अंकी संख्यांची. ‘अंकांची बेरीज ९ आहे. अंकांची अदलाबदल केल्यास मिळणारी संख्या मूळ संख्येपेक्षा २७ ने मोठी आहे.’ इथे मुलं दशकाचा अंक क्ष आणि एककाचा य मानतात, पण मूळ संख्या ‘क्षय’ अशी जोडून लिहितात, आणि तो तर क्ष×य असा गुणाकार! म्हणून अंदाजातच दशक निळ्या पेनाने आणि एकक काळ्या पेनाने लिहायला लावलं. ४५ नाही लिहायचं, १०×४+५ लिहायचं, उलटी संख्या १०×५+४. (भास्कराचार्य बीजगणितात एकाहून जास्त अज्ञात राशींना कालक, नीलक अशी रंगांचीच नावं देत, माझी पेनं काही माझी अक्कल नाही.) एका मुलीने ४५ धरले, फरक ९ आला. १८ धरले, फरक ६३. २७ धरले, ४५. मग म्हणाली, “मॅडम, सगळे नवाच्या पाढ्यातलेच येतायत.” अगं, का येतात ते बघ, म्हटलं. निळा आणि काळा वेगळे करून वजाबाकी मांडली तेव्हा ९(य−क्ष) तिच्या वहीत तिच्याच अक्षरात उमटलं. उत्तर ३६, उलटं ६३. एकमेकांकडे पाठ फिरवलेले आकडे समोरासमोर आले म्हणून वर्ग बराच वेळ हसत होता.

याच उदाहरणांत आपल्या भाषेचाही एक अडथळा आहे. त्रेसष्ट म्हणताना तीन आधी ऐकू येतात, लिहिताना सहा आधी. तोंडी उदाहरण सांगितलं की दोघंतिघं तरी एकक-दशक उलटे लिहितात. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘साठ तीन’ अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा मीही नाकं मुरडणाऱ्यांत होते. आता तेवढी खात्री वाटत नाही.

आता तक्रारी. हुशार मुलं अंदाजानेच उत्तर गाठतात आणि पेन खाली ठेवतात. बोर्डाच्या परीक्षेत नुसत्या उत्तरावर भागत नाही, समीकरण दिसावं लागतं. त्यांच्यासाठी मी मुद्दाम आडमुठी उदाहरणं देते: पाचपटीतून ३ वजा केल्यास १४ येतात. ३ धरले तर १२, ४ धरले तर १७. मधेच अडकले की स्वतःहून क्षकडे वळतात.

दुसरी तक्रार वेळेची. सुरुवातीला एका उदाहरणाला वीस मिनिटं गेली. सहामाहीआधी पोर्शन मागे पडला होता, आणि त्याचा ताण मला चांगलाच आला.

आणि एक गंमतीची चूक. चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाचा शिलालेख आहे, त्यामुळे भास्कराचार्यांच्या इष्टकर्म या रीतीची गोष्ट मी मुलांना सांगितलीच: कुठलीही संख्या धरा, मग प्रमाणात ताणा. त्यांच्या ‘लीलावती’ ग्रंथातल्या एका उदाहरणात शेवटी ६८ हवेत. ३ धरून त्यात सांगितलेलं सगळं केलं तर सव्वाचार येतात. सव्वाचाराचे ६८ म्हणजे सोळापट, म्हणून उत्तर ४८. दुसऱ्याच दिवशी एका पठ्ठ्याने वरच्या ५२ च्या उदाहरणाला तेच लावलं, १०×५२÷३७, आणि भलताच अपूर्णांक घेऊन आला. तिथला ७ संख्या बदलली तरी बदलत नाही, म्हणून ताणता येत नाही. हे समजावण्यात अख्खा तास गेला, पण तो तास मला आवडला.

वेग-अंतराच्या उदाहरणांना मात्र ही पद्धत मला नीट लावता आलेली नाही. तिथे आधी चित्रच काढावं लागतं. आठवीतल्या चौघांना आता तक्ता लागत नाही, एक अंदाज मनात धरून थेट क्ष लिहितात. दोघं अजून तीन ओळी पूर्ण करतात, त्यांना मी घाई करत नाही. उरलेला एक अजूनही चोरून खोडरबर आणतो.