मॅडम, नो प्रॉब्लेम

आमच्या कुत्रीचं नाव पिल्लू. घरी आणली तेव्हा ती खरंच ओंजळीत मावायची, त्यामुळे नाव ठेवताना पुढचा विचार कुणी केला नाही. आता ती चार वर्षांची ग्रेट डेन आहे, वजन 56 किलो, आणि मी पोळ्या करत असले की ओट्यावर हनुवटी टेकवून उभी राहते. उडी मारावी लागत नाही, नुसती मान पुढे केली की झालं.

नाताळच्या सुट्टीत दोन रात्री अलिबागकडे जायचं ठरलं. आम्ही दोघं, मुलगा, सासूबाई आणि पिल्लू. तिला बोर्डिंगमध्ये ठेवायचा प्रयोग एकदा करून झाला होता. या जातीच्या कुत्र्यांचं पोट फुगून पिळा पडण्याचा धोका असतो. थोडं थोडं दोनदा जेवायला द्यायचं आणि जेवणानंतर पळू द्यायचं नाही, हे बोर्डिंगवाल्याला लिहून दिलं होतं. त्याने एकाच वेळी सगळं वाढून मैदानात सोडलं. त्या रात्री डॉक्टरांकडे काढलेले चार तास मी विसरणार नाही. तेव्हापासून आम्ही जातो तिथे ती येते, नाहीतर आम्ही जात नाही.

ज्यांच्याकडे मोठा कुत्रा आहे त्यांना पुढचं ठाऊक असेल. बुकिंगच्या ॲपवर ‘पेट्स अलाउड’ची खूण असते, पण पेट म्हणजे मालकाच्या डोळ्यांसमोर मांडीत मावणारा शित्झू असतो. मी आठवडाभर फोन करत होते. मी म्हणायचे, ‘‘बरोबर पिल्लू आहे,’’ पलीकडून, ‘‘अगदी आणा.’’ मग मी प्रामाणिकपणे वजन सांगायचे आणि फोनवर शांतता पसरायची. कुणी म्हणालं दहा किलोच्या आतलं चालेल. कुणी म्हणालं बाहेर साखळीला बांधा. एका बाईंनी फोटो मागवला, पाहिला आणि ‘‘अगं बाई!’’ म्हणून फोन ठेवून दिला. असे अकरा नकार झाले. हा आकडा सांगतेय कारण बारावा फोन ज्याने उचलला त्याला माझ्या आवाजातूनच सगळं कळलं असणार.

सोशल मीडियावर एक पान दिसलं. नागावचा बंगला, समुद्रापासून दोन मिनिटांवर, निळा स्विमिंग पूल, आणि पुलाच्या काठावर बसलेला गोल्डन रिट्रीव्हर. त्याच्यामागे उंच, सुईसारख्या पानांची झाडं. नागावच्या किनाऱ्यावर सुरूची झाडं आहेत, म्हणून मला तो फोटो आणखीच खरा वाटला. ती झाडं पाइनची होती आणि कुत्रा परदेशातला होता, हे नंतर कळलं. भाडं रात्रीला 9,000. आजूबाजूचे तसेच बंगले नाताळात 16,000 च्या खाली बोलत नव्हते. हे मला तेव्हाही दिसलं होतं. मी स्वतःची समजूत घातली की नवीन बंगला असेल, गिऱ्हाईक जमवत असतील.

फोन लावला. माणूस हिंदीत बोलत होता, आवाज अगदी मऊ. ‘‘मॅडम, डॉग तो फॅमिली होता है.’’ मी वजन सांगितलं. ‘‘नो प्रॉब्लेम.’’ उंची सांगितली. ‘‘नो प्रॉब्लेम मॅडम.’’ पूलमध्ये उतरली तर? सोफ्यावर चढली तर? ‘‘मॅडम, आप टेन्शन मत लो.’’ मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. पिल्लूच्या रेबीजच्या लसीचं कार्ड मी आपणहून पाठवलं. त्यावर उत्तर म्हणून अंगठा आला.

व्हिडिओ कॉलवर बंगला दाखवा असं मी म्हटलं होतं, हे माझ्या बाजूने नमूद करते. ‘‘अभी गेस्ट हैं मॅडम, प्रायव्हसी,’’ असं उत्तर आलं आणि मला ते सभ्यपणाचं लक्षण वाटलं.

निम्मे पैसे, म्हणजे 9,000, यूपीआयने पाठवले. पाठवताना पडद्यावर बंगल्याचं नाव न येता भलत्याच एका माणसाचं नाव आलं. विचारलं, तर तो ‘अकाउंटंट’ निघाला. अर्ध्या तासात पीडीएफ बिल आलं, जीएसटी नंबरासकट.

आता लाजिरवाणा भाग. मी एका सीएंच्या ऑफिसात काम करते. दिवसभर जीएसटीची बिलंच तपासते. जीएसटी नंबर 15 अक्षरी असतो आणि पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्राचे 27. हे मला झोपेतसुद्धा सांगता येईल. त्या बिलावर सुरुवातीला 08 होतं, म्हणजे राजस्थान. शिवाय नागावातल्या मुक्कामावर चक्क आयजीएसटी, म्हणजे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात होणाऱ्या व्यवहाराचा कर, लावला होता. बंगला उचलून कुणी राज्याबाहेर नेत नाही, त्यामुळे तिथे राज्यातल्या राज्यात लागणारा सीजीएसटी आणि एसजीएसटीच हवा. ऑफिसात असं बिल आलं असतं तर मी समोरच्याला फोन करून झापलं असतं. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला की तो कुणाच्या नावावर आहे हे फुकटात दिसतं, एक मिनिटसुद्धा लागत नाही. मी ते बिल उघडलं, त्यावर छापलेला पंजाचा ठसा पाहिला, ‘किती गोड’ म्हटलं आणि बंद केलं.

दुसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला. मोठ्या कुत्र्यासाठी 10,000 डिपॉझिट, निघताना परत. हे तर अगदी रास्त वाटलं, कारण खरे मालकही कधीकधी मागतात. दिले. मग ‘परमिशन’साठी आधार कार्ड मागितलं. तेही अख्खं पाठवलं. शेवटचे चारच आकडे दिसणारं ‘मास्क्ड’ आधार यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, साइटवरून उतरवून घेता येतं, हे माहीत असून.

24 तारखेला सकाळी पुण्याहून निघालो. मागची सीट पाडून पिल्लूची गादी, सासूबाई पुढे, मी आणि मुलगा उरलेल्या जागेत. पेणला चहाला थांबलो तेव्हा फोन आला. ‘‘मॅडम, चेक-इन के पहले बॅलन्स क्लिअर करना पडता है, फिर गेट का कोड आयेगा.’’ उरलेले 9,000. नवरा म्हणाला, पोचल्यावर देऊ. मी म्हटलं, आता एवढ्यासाठी कशाला वाद, आधीच बिचाऱ्याने एवढं सांभाळून घेतलंय. बिचारा हा शब्द मी वापरला. नवऱ्याने तो अजून विसरू दिलेला नाही.

कोड आला, चार आकडी. वडखळची रांग, कार्लेखिंड असं करत एकच्या सुमारास नागावात पोचलो. बंगला होता! तोच पूल, तोच जिना, तेच जांभ्याचं कुंपण. फक्त फाटकाला कोडबिड काही नव्हतं, साधी कडी होती. आत दुसऱ्याच कुटुंबाची मुलं पाण्यात खेळत होती.

राखणदार बाहेर आला. त्याने आमच्याकडे पाहिलं, खिडकीतून बाहेर आलेल्या पिल्लूच्या तोंडाकडे पाहिलं आणि मी काही बोलायच्या आत म्हणाला, ‘‘ताई, पैसे भरलेत काय?’’ या महिन्यातले आम्ही चौथे. फोटो खऱ्या बंगल्याचे, मुंबईच्या मालकांच्या जाहिरातीतून उचललेले. कुत्रा मागच्या झाडांसकट वरून चिकटवलेला. खऱ्या बंगल्यात कुत्र्यांना मुळी परवानगीच नाही. मी त्या माणसाला फोन लावला. ‘‘मॅडम, पाँच मिनिट.’’ त्यानंतर फोन बंद.

सासूबाई गाडीतून उतरून कठड्यावर बसल्या. काहीच बोलल्या नाहीत. एरवी त्या बोलतात.

इथे नवऱ्याने एक शहाणपणा केला. भांडत, शिव्या देत न बसता त्याने तिथूनच 1930 ला फोन लावला. हा सायबर आर्थिक फसवणुकीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर. सहाव्या प्रयत्नात लागला. त्यांनी विचारलं ते सगळं फोनमध्येच असतं, फक्त शोधून हाताशी ठेवायला हवं: कोणत्या बँकेतून, किती, किती वाजता, कुणाच्या यूपीआय आयडीवर, आणि प्रत्येक व्यवहाराचा 12 आकडी संदर्भ क्रमांक. तक्रार नोंदली की पैसे ज्या बँकेत गेले तिला कळवलं जातं आणि त्या खात्यात जे शिल्लक असेल ते गोठवतात. म्हणून घाई. हे लोक पैसे एका खात्यात ठेवतच नाहीत. भाड्याने घेतलेल्या दुसऱ्या-तिसऱ्याच्या खात्यांतून फिरवून एटीएममधून काढतात. आमचे आधीचे 19,000 केव्हाच गेले होते. पेणला दिलेले 9,000 जेमतेम तीन तासांपूर्वीचे होते, त्यातले 6,400 अडकले. संध्याकाळी सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर जाऊन बिल, चॅट, त्या पानाचे स्क्रीनशॉट असं सगळं चढवलं. गोठलेले पैसे आपोआप घरी येत नाहीत, त्यासाठी वेगळा पाठपुरावा करावा लागतो. ते काम अजून चालू आहे. स्क्रीनशॉट मात्र लगेच काढा. चॅटमधले आपले मेसेज त्याने तासाभरात ‘सगळ्यांसाठी’ पुसले होते, आम्ही त्याच्या आधी काढले म्हणून वाचलो.

आता रात्र कुठे काढायची? 24 डिसेंबर, अख्खा किनारा भरलेला. परत पुण्याला निघायचं ठरत होतं, तेवढ्यात राखणदार म्हणाला, थांबा, माझ्या काकीची वाडी आहे, दोन खोल्या देते, विचारतो. त्याने फोन स्पीकरवर टाकला.

‘‘काकी, कुत्रा हाय त्यांच्याकडं. मोठा हाय.’’

‘‘मोठा म्हंजे किती?’’

त्याने पिल्लूकडे पाहून जरा विचार केला. ‘‘वासराएवढा.’’

मग काकींनी जी सरबत्ती सुरू केली! चावतो काय? कुत्रा की कुत्री? आमच्या कोंबड्या मोकळ्या असतात, मागं लागते काय? मांजर हाय, तिचं काय करायचं? रात्री ओरडते काय, शेजारी म्हातारा माणूस हाय. विहिरीचा कठडा बुटका हाय, रात्री सोडू नका. गादीवर घेता काय तिला? घेत असाल तर आपली चादर आणा. सुया टोचल्यात ना सगळ्या? खाते काय? मग जरा थांबून, ‘‘आणा, बघू.’’

मी तिथे उन्हात उभी राहून ऐकत होते आणि पोटात खड्डा पडत होता. ज्याला खरंच घर आहे तो हेच विचारणार. त्याला गादी आहे, कोंबड्या आहेत, शेजारी आहे, उद्या तिथेच राहायचंय. 56 किलोच्या कुत्रीबद्दल त्या माणसाने मला एकही प्रश्न विचारला नव्हता, कारण त्याच्याकडे ती ओरबाडेल असा सोफाच नव्हता. ज्या अकरा जणांनी नाही म्हटलं, त्यांचा मला राग आला होता. ते अकराही जण खरे होते.

काकींनी आगाऊ पैसे घेतले नाहीत. खोलीचे रात्रीला 1,500, जेवणाचे वेगळे. पिल्लूला पडवीत जागा मिळाली. कोंबड्यांना ती घाबरली, मांजराने तिला नाकावर एक फटका दिला आणि प्रश्न मिटला. संध्याकाळी त्यांच्या घरच्यांनी शेताच्या कडेला पोपटी लावली होती. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, वरून पेटवलेला पेंढा. सासूबाईंनी शेंगा सोलता सोलता पहिल्यांदा तोंड उघडलं. ‘‘अठ्ठावीस हजारांत,’’ त्या म्हणाल्या, ‘‘इथे महिना काढला असता.’’ महिना नाही, पण एका खोलीत अठरा रात्री नक्की निघाल्या असत्या.

परत आल्यावर मी जे आधी करायला हवं होतं ते सगळं केलं. बंगल्याचा फोटो इमेज सर्चमध्ये टाकला, तर तोच पूल दुसऱ्या नावाने, खऱ्या भाड्यासह आणि ‘पाळीव प्राणी नाहीत’ या ओळीसह समोर आला. त्या पानाची माहिती उघडली, तर त्याचं नाव आधी तीनदा बदललेलं. हजारो फॉलोअर्स होते, पण एकाही फोटोखाली कुणी तिथे राहून आल्याचं लिहिलेलं नव्हतं, आणि नुसते बदाम किती आले हेच मी पाहिलं होतं. आधारचं बायोमेट्रिक ॲपवरून लॉक केलं. आता कुठेही चौकशी करायची तर मी आधी गावातल्याच एखाद्या खानावळीला किंवा दुकानाला फोन लावते आणि विचारते, अमुक बंगल्यात कुत्रा घेतात का हो? त्यांना सगळं माहीत असतं.

जानेवारीत तेच पान पुन्हा दिसलं. नाव नवीन, गाव आता काशिद, पूल वेगळा, गोल्डन रिट्रीव्हर तोच. पोर्टलवरच्या तक्रारीत ती माहिती जोडली. मग राहवलं नाही, म्हणून नवऱ्याच्या फोनवरून कॉल केला आणि स्पीकर लावला. तोच मऊ आवाज.

नवरा म्हणाला, ‘‘हमारे पास कुत्ता नहीं है. भैंस है. चलेगी?’’

एक क्षणही न थांबता उत्तर आलं, ‘‘नो प्रॉब्लेम सर, पेट फ्रेंडली प्रॉपर्टी है. सिर्फ दस हजार डिपॉझिट लगेगा.’’