नगावर मिळणारं जेवण

नागपुरात सक्करदऱ्याला बुधवारचा बाजार भरतो, त्याच्या मागच्या एका गल्लीत बंद पडलेल्या आटाचक्कीच्या शटरसमोर संध्याकाळी सहाच्या सुमारास अंड्याचा ठेला लागतो. पाटी नाही, नाव नाही. रंग उडालेली हातगाडी, एका कोपऱ्यात गॅस, त्यावर काळं पडलेलं पातेलं आणि वर लोंबणारा एक बल्ब. गेलं वर्षभर मी आठवड्यातून पाच दिवस इथं खाते. एवढी हजेरी मी शाळेतही लावली नव्हती, तेव्हा चार शब्द लिहायचा हक्क मला आहे असं धरून चालते.

आधी माझी भानगड सांगते, नाहीतर उकडलेल्या अंड्याबद्दल एवढं काय लिहायचं, असं वाटेल.

१४ महिन्यांपूर्वी, दिवाळी आटोपल्यावर, माझं वजन कमी करायचं ऑपरेशन झालं. स्लीव्ह म्हणतात ते. वजन ११८ किलो, गुडघे बोलायला लागलेले, शुगर वर. स्लीव्हमध्ये जठराचा पाऊण हिस्सा किंवा त्याहून थोडा जास्तच कापून काढतात आणि केळ्यासारखी एक नळी तेवढी ठेवतात. पहिले काही दिवस तर अर्धी वाटी वरणाचं पाणी गेलं तरी पंगतीतून उठल्यासारखं वाटायचं. डाएटिशियन बाईंनी कागदावर लिहून दिलं: दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रोटीन. ताटात आधी प्रोटीन, मग भाजी, आणि जागा उरली तर पोळी-भात. जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्धा तास नाही.

जागा उरत नाही, हे त्यांनाही माहीत असावं.

आपलं जेवण मुळात पोळी-भाताचं. वाटीभर वरणात पाच-सहा ग्रॅम प्रोटीन आणि त्याच्या दुप्पट-तिप्पट पिष्ट. पूर्वी चार पोळ्या आणि भाताचा डोंगर खाल्ला की त्यातूनच बरंच प्रोटीन पोटात जायचं, कळतही नव्हतं. आता अख्खं जेवणच सात-आठ घासांचं, आणि त्यातले चार वरण-भाताचे गेले की संपलंच. कमी खाल्लं म्हणून पैसे वाचतील असं आमच्या घरी सगळ्यांना वाटलं होतं. मी एका पतसंस्थेत कारकून आहे, ऑपरेशनसाठी तिथूनच कर्ज काढलंय, हप्ता पगारातून परस्पर कटतो. आणि कमी खाणाऱ्या माणसासाठी बाजारात जे-जे मिळतं ते सगळं महाग. प्रोटीन पावडरचा डबा बघा, हप्त्याशी स्पर्धा करतो.

त्यात आमच्या सासूबाई माळकरी. घरात अंड्याचं टरफलही येत नाही. याबद्दल माझी काही तक्रार नाही, कारण ऑपरेशननंतर दीड महिना गाळण्यातून दोन-दोनदा गाळून वरण मला त्यांनीच दिलं. पण अंडं खायचं तर बाहेर, हे ठरलेलं.

आधी मी शहाणपणा केला तो डाएट टिफिनचा. कोणाचा ते सांगत नाही, शहरात आता असे पुष्कळ आहेत. १८० रुपयांना एक डबा, महिन्याचे २६ डबे, पैसे आगाऊ, म्हणजे ४,६८० रुपये. काळ्या प्लास्टिकचे चार कप्पे आणि वर 'लो कार्ब', म्हणजे पिष्ट कमी, असं चिटकवलेलं. आत काय? ब्राऊन राईस. आता ब्राऊन राईसमध्ये कोंडा असतो, चांगलाच असतो, पण पिष्ट पांढऱ्या भाताएवढंच, उन्नीस-बीस. ज्वारीची भाकरी कधीमधी यायची, तिचंही तेच. ज्वारीच्या पिठात शंभर ग्रॅमला सत्तरेक ग्रॅम कार्ब असतातच, गव्हात असतात तसेच. बिटाची टिक्की यायची, ती बांधलेली आलूनं. पनीरचे तुकडे मी रोज मोजायचे. पाच, कधी सहा, माझ्या अंगठ्याच्या नखाएवढे. ते आणि काकडी खाऊन मी डबा बंद करायची, बाकीचा ऑफिसातला शिपाई न्यायचा. म्हणजे १८० रुपये माझे आणि जेवण त्याचं. त्याची तब्येत सुधारली, हे मात्र कबूल.

दर शनिवारी डब्यात 'शुगर फ्री' लाडू असायचा. तिसऱ्या शनिवारी मी तो अख्खा खाल्ला. दहा-पंधरा मिनिटांत छातीत धडधड, घाम, हातपाय गार. कॅश काउंटरच्या मागं गोणपाटावर आडवी झाले. गोड पदार्थ छोट्या पोटात थांबत नाही, सरळ आतड्यात जातो, आतडं अंगातलं पाणी ओढून घेतं आणि मग असा तमाशा होतो. याला डंपिंग म्हणतात. बायपासवाल्यांना (हृदयाचा नाही, पोटाचा बायपास) जास्त होतं, स्लीव्हवाल्यांनाही होऊ शकतं. फोन केला तर पलीकडून उत्तर, "मॅडम, त्यात साखर नाहीच, फक्त खजूर आहे." खजुरात काय मीठ असतं का बाप्पा? उरलेल्या डब्यांचे पैसे मागितले ते आजपर्यंत आले नाहीत.

तर त्याच आठवड्यात ऑफिसातून परतताना मी या ठेल्यासमोर गाडी उभी केली.

ठेलेवाले भाऊ उमरेडकडचे, पन्नाशीचे असतील. मी म्हटलं, एक अंडं द्या. एकच. हॉटेलात एवढं कमी मागितलं की वेटर खालून वर बघतो. सावजीत गेलं तर मटणाची प्लेट, त्यावर बोटभर तर्री, सोबत रोट्या, आणि माझ्या वाट्याला त्यातल्या दोन फोडी. बिल अख्ख्या प्लेटचं. या भाऊंनी फक्त "कच्चं राहू देऊ का पिवळं, का पूर्ण?" एवढं विचारलं. १० रुपये. विषय संपला.

आता सोलणं बघा. पातेल्यातून झाऱ्यानं अंडं काढून थंड पाण्याच्या गंजात टाकतात. मग तळहाताखाली गाडीच्या पत्र्यावर अंडं एकदाच घरंगळवतात, टरफलाला सगळीकडून बारीक तडे जातात आणि ते जवळजवळ एका पट्टीत निघतं. गाडीच्या दांडीला पांढरा दोरा बांधलेला आहे, पतंगाचा नाही, पोत्याच्या शिलाईचा असतो तसला जाड. त्याचं मोकळं टोक दातात धरायचं नाही, हे मी पहिल्याच दिवशी तपासलं, बोटाला गुंडाळतात. दोरा ताणून अंड्यातून ओढला की दोन अर्धुकं, पिवळ्याला चिराही जात नाही. वर काळं मीठ, मिऱ्याची पूड, बारीक कांदा, चिमूटभर सांबार. बाहेरगावचे वाचत असतील तर सांगते, आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर.

एका अंड्यात सहा ग्रॅमच्या वर प्रोटीन, आणि कार्ब एक ग्रॅमसुद्धा नाही. पहिल्या दिवशी ते एक अंडं खायला मला वीस मिनिटं लागली. कोणी उठा म्हटलं नाही, बसायला जागाच नाही तर उठवणार कसे.

मे महिन्यातली गोष्ट. नात्यातल्या लग्नाला जायचं होतं, आणि तिथं माझ्या कामाचं काही नसणार म्हणून मी आधी इथं आले. तोवर माझी दोन अंड्यांपर्यंत प्रगती झाली होती. घाईत दोन्ही चार-पाच मिनिटांत संपवली. नीट चावलं नाही. आणि अडकलं. ज्याचं ऑपरेशन झालंय त्यालाच कळेल, छातीच्या मधोमध वीट ठेवल्यासारखं होतं, तोंडात लाळेचा फेस येत राहतो, गिळताही येत नाही. मी पैठणीचा पदर सावरत नालीपाशी वाकून उभी. भाऊ धावत पाण्याचा गिलास घेऊन आले, मी हातानंच नको म्हटलं. बिचारे घाबरले. त्यांना वाटलं अंडं खराब निघालं. पाऊण तासानं उतरलं सगळं, तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा सांगितलं की माझं पोट छोटं केलेलं आहे, चूक तुमची नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी काय सुरू केलं, तर माझं दुसरं अंडं पहिलं संपेपर्यंत सोलायचंच नाही. मी मागितलं तरी नाही. "ताई, पहिलं होऊ द्या, मंग दुसरं सोलतो. पळून थोडंच चाललं." दुसऱ्या गिऱ्हाइकाचं ऑम्लेट पलटवता पलटवता एक डोळा माझ्या प्लेटकडे. फॉलोअपला गेलं की मला "हळू खाता ना?" असं विचारतात, मी हो म्हणते, संपलं. खरी तपासणी इथं होते.

आता खटकतं ते. भुर्जी मागू नका, किंवा मागितली तर तेल डोळ्यासमोर घालून घ्या. यांच्या हाताला तेलाचा अंदाज सावजीचाच आहे. मी एकदा अर्धी भुर्जी खाल्ली, रात्री अकरापर्यंत आंबट ढेकर. आता मी रविवारी पोळी-पावाशिवाय दोन अंड्यांची भुर्जी सांगते, एक चमचा तेलात, आणि अर्धी तिथंच खाऊन अर्धी मुलाला देते. पावाशिवाय भुर्जी म्हटलं की भाऊंचा चेहरा पडतो, पाव वाया जातो म्हणून नाही, त्यांच्या मते ते जेवणच होत नाही. मीठही जास्त पडतं, आधी सांगावं लागतं. नालीचा वास पावसाळ्यात येतो. प्लेटा धुवायची बादली एकच, म्हणून मी स्वतःची स्टीलची ताटली आणि काटा पर्समध्ये ठेवते. शेजारच्या टपरीचा चहा छान आहे, पण लोहाची गोळी घेत असाल तर तिच्या आसपास चहा नको, आणि कॅल्शियमची गोळीही तिच्यासोबत नको, दोन तासांचं अंतर ठेवा.

बाकीचं प्रोटीन मी घरी जमवते. अर्धा लिटर म्हशीचं दूध लिंबानं फाडलं की शंभरेक ग्रॅम पनीर होतं, ते सासूबाई आनंदानं करतात, पाणी वरणात घालतात. त्यातून १८ ग्रॅमच्या आसपास मिळतं. इतवारीच्या बाजारातून सुटी सोयाबीनची वडी आणते, तिच्यात वजनाच्या निम्मं प्रोटीन. २५ ग्रॅम भिजवून, घट्ट पिळून, कांदा-टमाटर लावून परतायची. वाटीभर दही. हिशोब वहीत लिहिते, सवय आहे. दोन अंडी, दूध, वडी, दही धरून दिवसाला ८० ते ८५ रुपये आणि पन्नासच्या घरात ग्रॅम. उरलेल्यासाठी पावडरचा, डब्यातल्या मापाचा अर्धा चमचा. पूर्ण डबा आता चार महिने पुरतो. एक चूक टाळा: पाटोडी आणि झुणका बेसनाचे म्हणून मी सुरुवातीला भरपूर खायची, चण्याचं पीठ म्हणजे प्रोटीनच असं समजून. बेसनात प्रोटीन असतं हे खरं, पण कार्ब त्याच्या अडीचपट. पाटोडी रस्सा आता सणाला, दोन वड्या.

वजन सध्या ७९. मधे केस गळाले पुंजक्या-पुंजक्यानं, ते परत येऊन राहिलेत.

जाणार असाल तर मंगळवारी ठेला बंद असतो. मे महिन्यात ऊन उतरेस्तोवर, म्हणजे सातनंतरच लागतो. श्रावणात गिऱ्हाईक निम्मं होतं, अंडं स्वस्त होतं आणि भाऊंना गप्पा मारायला वेळ असतो. थंडीत उलटं. या डिसेंबरात अंडं १२ रुपये झालं, आणि मला वाटलं माझ्याकडून जुनाच भाव घेतील, तर नाही घेतला. बरोबरच आहे.

यंदाच्या श्रावणातच त्यांनी विचारलं होतं, त्यांच्या साळ्याचं वजन खूप आहे म्हणून, "ऑपरेशनला किती लागले ताई?" मी सांगितलं, तीन लाख. भाऊंनी झारा पातेल्यात तसाच धरून ठेवला. ओठ हलत होते.

"म्हंजे तीस हजार अंडे," म्हणाले, आणि माझ्या ताटलीत पहिलं संपलंय का ते बघून दुसरं सोलायला घेतलं.